एकही मत न पडलेली निवडणूक

तात्यासाहेब निकमांनी डोक्यावरचा पटका दोन्ही हातांनी उतरवला आणि आमच्या यांच्या पायाशी ठेवला, तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. सोप्यात दहाबारा माणसं बसली होती, पण कुणी हललं नाही. तात्यासाहेबांचं डोकं मी जन्मात पहिल्यांदा उघडं पाहत होते. विरळ पांढरे केस टाळूला चिकटले होते आणि पटक्याच्या पिळानं कपाळावर पट्टा उमटला होता. सगळं खोरं ज्याच्यापुढे खाली मान घालून उभं राहायचं तो माणूस पटक्याशिवाय कुणाचाही म्हातारा बाप दिसत होता.

"केशवा," ते म्हणाले, "लेक गेला माजा. त्याची खुर्ची तेवढी सुनेला राहू दे. ह्याच्याउपर तुज्याकडं काय मागनार न्हाई."

हे पटक्याकडे पाहत राहिले. भिंतीशी टेकून बसलेला गणपत सकपाळ मात्र ताडकन उठला. सकपाळ म्हणजे यांचा उजवा हात. मुंबईला मशीद बंदरात माथाडी. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष त्याच्यासारखेच तिकडे पाठीवर पोती वाहायचे. निवडणुकीसाठी रजा टाकून तो आमच्या पडवीत मुक्काम ठोकून होता.

"भाऊ, उचलू नका," तो म्हणाला. "हात लावू नका त्याला. तीन वाजेस्तोवर नुसतं बसून ऱ्हावा."

आमच्या खोऱ्यात तेव्हा एक रीत होती. एखाद्यानं डोक्यावरचा पटका तुमच्या पायाशी ठेवला, की दोनच वाटा. तो उचलून परत त्याच्या डोक्यावर घातलात, तर त्यानं मागितलं ते दिलंत. पुढे बोलायचं काम नाही. तसाच पडू दिलात, तर तो माणूस उघड्या डोक्यानं तुमच्या दारातून बाहेर पडणार आणि त्या दिवसापासून तुमच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. बांधाची भांडणं, मोडलेली लग्नं, एकदा तर खुनाचं वैरसुद्धा असं मिटल्याचं मी लहानपणी ऐकलं होतं. आमदारकीही अशी मिटवता येते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी उमेदवाराला अनामत लावली, सूचक लावला. पटक्याचा विचार काही त्यांनी केला नाही.

साल चौऱ्याहत्तर. तात्यासाहेबांचा मुलगा दौलतराव आमचा आमदार होता. घाटात जीप उलटून तो गेला आणि पोटनिवडणूक लागली. आमचे हे त्या जागेला आधी तीनदा उभे राहिले होते आणि तीनदा पडले होते. त्यांची निशाणी शिडी. शिडी घेऊन उभा राहतो आणि दर वेळी पडतो, म्हणून बाजारात त्यांची चेष्टा व्हायची, आणि घरात ती मी करायचे. पहिल्या निवडणुकीत माझी जोंधळ्याची कणगी रिकामी झाली, दुसऱ्या निवडणुकीत दुभती म्हैस गेली. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, आता विकायला मीच काय ती राहिले, तर हे पोट धरून हसले. या माणसाला राग म्हणून यायचा नाही. त्याचा मला फार राग यायचा.

चौथ्या वेळी मात्र अर्ज भरा म्हणून मीच मागे लागले. कारण माझं माहेर. आंबवी नदीच्या काठचं, डोंगराच्या पोटातलं शेवटचं गाव, उंबरणं. नदीवरचं धरण बांधून होत आलं होतं. येत्या पावसाळ्यात दरवाजे लागले की उंबरणं आणि आसपासच्या वाड्या पाण्याखाली जाणार होत्या. बदल्यात सरकार जमीन द्यायला तयार होतं, पण जी दाखवत होतं ती लांबच्या माळावरची, कुसळांशिवाय काही न उगवणारी. धरणाचं पाणी जिथं जाणार तिथल्या काळ्या रानात आम्हाला जागा द्या, एवढंच आमच्या लोकांचं म्हणणं होतं. ते काळं रान निकमांचं होतं, त्यांच्या व्याह्यांचं आणि जावयांचं होतं. दौलतराव असेपर्यंत विधानसभेत त्या रानाचं नाव निघणं शक्य नव्हतं.

आता ते नाव काढायची संधी आली होती. निकमांच्या भावकीत फूट पडली होती आणि सुनेला तिकीट दिलं म्हणून पुतणे रुसून बसले होते. मुंबईहून लॉऱ्या भरून माथाडी मताला येणार होते. ज्या बाजारात यांची चेष्टा व्हायची तिथंच लोक आता हळूच विचारायचे, "आमदार, शपथ कधी?" धरणाचे दरवाजे लागायच्या आधी एक माणूस सभागृहात उभा राहून 'आधी जमीन, मग पाणी' म्हणाला असता. त्यानं धरण थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या बापाला माळावर नेऊन टाकण्यापूर्वी कुणाला तरी तोंड उघडून उत्तर द्यावं लागलं असतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, उंबरण्यात एकटे राहायचे. आई कधीच गेली होती आणि मला भाऊ नव्हता. अर्ज भरला त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी एकच विचारलं, "ह्या टायमाला जावयबापू निवडून येत्याल का गं?"

"येतील, आप्पा," मी म्हणाले. ते मी बापाचं मन राखायला म्हणाले नव्हते. मला तसं खरंच वाटत होतं.

बाकीचे उमेदवार एकेक करून बसले होते. उरल्या होत्या फक्त निकमांच्या सूनबाई, कुमुदिनीबाई, आणि हे. त्या दिवशी अर्ज मागे घ्यायची मुदत संपायची होती. तीन वाजेपर्यंत हे घरात नुसते बसले असते तरी निवडणूक होणार होती. म्हणून सकपाळ म्हणत होता, नुसतं बसून राहा.

"तात्या, पटका उचला," शेवटी हे म्हणाले. "तुमीच उचला. आपन बोलू."

"बोलायला आलोच न्हाई मी."

"माजं एकट्याचं असतं तर आत्ता उठून आलो असतो. त्या गावांचं काय करू?"

"गावांचं मला ठाऊक हाय. सून निवडून येऊ दे, त्यांच्या जमिनीचं ती बघंल. माजा शब्द."

"शब्द कागदावर द्या की, तात्यासाहेब," सकपाळ म्हणाला.

तात्यासाहेबांनी त्याच्याकडे नुसती मान वळवली. "ह्या पटक्याहून मोठा कागद आनू कुठनं रं?"

 सकपाळ खाली बसला, कारण तोही आमच्याच खोऱ्यातला होता. यांची अडचण मला कळत होती. बेचाळीसच्या चळवळीत हे तात्यासाहेबांच्या हाताखाली होते. दोघे मिळून पकडले गेले, तेव्हा तात्यासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, हा वाटेत भेटलेला गुराखी आहे, ह्याला काही माहीत नाही. यांना दोन थपडा मारून सोडून दिलं आणि तात्यासाहेब एकटे तुरुंगात गेले. निकमांविरुद्ध तीन निवडणुका लढवल्या, भाषणांत दौलतरावाचे वाभाडे काढले, पण वाटेत तात्यासाहेब दिसले की हे सायकलवरून उतरायचे.

किटली ठेवून मी एक कप भरला आणि बाहेर आले. जीप अंगणाच्या कडेला उभी होती आणि मागच्या बाकावर कुमुदिनीबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. वर्षसुद्धा झालं नव्हतं नवऱ्याला जाऊन. त्यांच्या घरची रीत अशी, की विधवेनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. आता त्याच घरानं त्यांना जीपमध्ये घालून गावोगाव फिरवायला काढलं होतं.

"चहा घ्या, बाईसाहेब."

त्यांनी कप घेतला. माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. "आत काय चाललंय, ताई?"

"पटका ठेवलाय तुमच्या मामंजींनी."

चहा बशीत सांडला. "मला सांगितलं नव्हतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमच्या मालकांना भेटून येऊ, एवढंच म्हणाले. मला उभं राहायचंच नव्हतं. पण विचारतंय कोण?"

"मग तुम्हीच नाही म्हणा की. अजून वेळ आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली. त्या घरात बाईनं नाही म्हणायचं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं थोडंच होतं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं माहेर उंबरण्याचं ना? मी निवडून आले तर तुमच्या गावांचं बोलेन. शपथेवर सांगते."

ती बाई खोटं बोलत नव्हती. तात्यासाहेबही आत खोटं बोलत नव्हते. सगळे खरं बोलत होते, म्हणून तर त्या दिवशी भांडायला कुणी सापडेना.

मी परत सोप्यात आले तरी पटका तिथंच होता. चांगला अबोली रंगाचा, कडेला जर असलेला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. हे त्याच्याकडे पाहत होते आणि बाकीचे सगळे यांच्याकडे. तेवढ्यात माझी तुऱ्याची कोंबडी उंबऱ्यावरून आत आली.

एरवी तिला कुणीही हाकललं असतं. पण त्या सोप्यात जो तो जागच्या जागी खिळला होता. जणू हललं की त्याचाही काही अर्थ निघेल. कोंबडी मान वाकडी करून पटक्याभोवती फिरली. तिनं जरीवर चोच मारून पाहिली. मी दारातून हळूच "हुश" केलं. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक पाय उचलून तिनं पटक्यावर ठेवला, आणि दुसरा ठेवणार तोच यांनी वाकून पटका वर उचलला.

कोंबडी ओरडत बाहेर पळाली आणि हे पटका हातात घेऊन बसून राहिले. मागून कुणीतरी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"हे मोजायचं न्हाई," सकपाळ घाईघाईनं म्हणाला. "कोंबडीपायी उचललाय. सगळ्यांनी बगितलंय. भाऊ, ठेवा परत खाली. अलगद ठेवा."

यांनी सकपाळकडे पाहिलं, मग हातातल्या पटक्याकडे. जिथं कोंबडीचा पाय पडला होता तिथली माती यांनी अंगठ्यानं पुसली.  तात्यासाहेबांनी मान थोडी पुढे वाकवली.

चार पुरुषांत तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हणाले, "आप्पांना काय सांगू मी?"

हे माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "खाली कसा ठेवू गं?" ते म्हणाले. "परत खाली कसा ठेवायचा, तूच सांग."

 हे उठले आणि पटका तात्यासाहेबांच्या डोक्यावर नीट बसवला, मागचा शेमला सारखा केला. तात्यासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते म्हणाले, "आजपास्नं ही सुगंधा माजी लेक." मग दोघे बाहेर गेले आणि जीप तालुक्याच्या रस्त्याला लागली. तीन वाजायच्या कितीतरी आधी प्रांतसाहेबांसमोर यांची सही झाली. कुमुदिनीबाई निकम बिनविरोध निवडून आल्या. आमच्या मतदारसंघातली ती पोटनिवडणूक एकही मत न पडता संपली.

मला यांचा राग आला. तो आजही येतो, हे जाऊन आता कितीतरी वर्षं झाली तरी. कोंबडीमुळे उचलला की आधीच ठरवून बसले होते आणि कोंबडीचं निमित्त झालं, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. ते दर वेळी म्हणायचे, "मला तरी कुठं कळलं?"

सकपाळ त्याच दुपारी निघाला. शिडी छापलेल्या कागदांचे गठ्ठे पडवीत तसेच होते. "वैनी, ह्यांचं काय करू?" त्यानं विचारलं.

"राहू द्या. कणगीला लावायला होतील."

पिशवी खांद्याला लावून तो अंगणात थबकला. "लढून पडलो असतो ना वैनी, तर गड्यांना तोंड दावता आलं असतं. आता मुंबईच्या गाळ्यावर जाऊन काय सांगू? कोंबडी आली म्हनून?" आणि तो हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला, मग तो पाठ फिरवून चालायला लागला. आमच्या घरी तो परत कधी आला नाही.

मुंबईला तारा गेल्या, तरी एका लॉरीला निरोप पोचलाच नव्हता. मतदानाच्या ठरल्या दिवशी सकाळी ती गावात आली. धुतलेल्या टोप्या घातलेले माथाडी उड्या मारून उतरले आणि थेट शाळेकडे गेले. शाळेला कुलूप होतं. त्यांतला एक आमच्या दारात आला. त्यानं हाक मारून विचारलं, "धनावडेभाऊ, मतपेटी कुठं ठेवलीया?" हे अंगणात उभे राहून त्यांना समजावत होते, आणि ती माणसं मान डोलावत ऐकत होती. कुणी शिवी दिली नाही. पटका म्हटल्यावर त्यांना सगळं समजलं. ती दिवसभर पारावर बसून राहिली आणि संध्याकाळी त्याच लॉरीनं परत गेली.

कुमुदिनीबाई आपल्या शब्दाप्रमाणे बोलल्या. उन्हाळ्यातल्या अधिवेशनात त्यांनी उंबरण्याचा प्रश्न विचारला, तसं पेपरात आलं होतं. बाब शासनाच्या विचाराधीन आहे, असं मंत्र्यांनी उत्तर दिलं. नंतर एका लग्नात त्या मला भेटल्या तेव्हा बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणखी एकदा उठले होते ताई. आमच्याच पक्षाचे लोक म्हणाले, बाई, तुम्हाला एक तरी मत पडलंय का? कुणाच्या नावानं बोलताय?"  तात्यासाहेबही भावकीच्या आणि व्याह्यांच्या दारी जाऊन आले, पण काळ्या रानाचा तुकडा द्यायला कुणी तयार झालं नाही. तिथं काही त्यांनी पटका काढला नाही. आपल्या व्याह्यांच्या पायाशी पटका कोण ठेवतो?

पावसाळ्याच्या तोंडाला धरणाचे दरवाजे लागले. उंबरण्यातली बरीचशी माणसं ट्रकनं माळावर नेली. आप्पा आणि काही म्हातारी माणसं गेलीच नाहीत. पाणी जिथवर चढणार नव्हतं अशा टेकाडावर त्यांनी पत्र्याच्या चार शेडा ठोकल्या आणि तिथून खाली पाहत बसली. मी दोनदा आप्पांना घरी न्यायला गेले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बगू पुढच्या हप्त्याला."

श्रावणात धरण भरलं आणि जलपूजन ठरलं. यांना निमंत्रण होतं. मी जाणार नव्हते. पण पूजेची जागा आप्पांच्या टेकाडाच्या पायथ्याशीच होती, म्हणून त्यांच्यासाठी भाकरीचं गाठोडं घेऊन निघाले. मांडव घातला होता, मंत्री आले होते, साहेब लोक बायकांना घेऊन आले होते. टेकाडावरची म्हातारी माणसं खाली येऊन एका कडेला उभी राहिली होती. त्यांना बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता.

पाणी समोर सपाट पसरलं होतं. इतकं भरलेलं मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माहेरी येताना ज्या उतारावर माझे पाय आपोआप भरभर पडायला लागायचे, तो उतार अर्ध्यातून पाण्यात शिरला होता.

कुमुदिनीबाईंनी आमदार म्हणून नारळ फोडला. मग भटजींनी ताट पुढे केलं. हिरवी साडी, खण, तांदूळ, हळदकुंकू. नव्या पाण्याची ओटी भरायची होती. कुमुदिनीबाईंनी नकळत हात पुढे केला, तर भटजी घुटमळले आणि म्हणाले, "सवाष्ण हवी." कुमुदिनीबाईंनी हात मागे घेतला. साहेबांच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"आपली सुगंधा हाय की," तात्यासाहेब म्हणाले. मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माजी लेक हाय ती. आन् हे तर तिचं माहेर. ओटी माहेरवाशिनीनंच भरावी."

त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगेन. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. मला मान द्यायची संधी मिळाली म्हणून त्याला आनंद झाला होता.

"मामंजी, त्यांना नका सांगू," कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या.

"का? मान हाय तिचा."

भटजींनी ताट माझ्या हातात दिलं. माझ्या मनात आलं, हे असंच पाण्यात भिरकवावं, मंत्र्यांच्या अंगावर तांदूळ फेकावेत, नाहीतर तात्यासाहेबांना सर्वांदेखत विचारावं की तुमचा शब्द कुठे आहे. यातलं काहीच माझ्यानं झालं नाही.  हे माझ्याजवळ आले.

"तुला भरायची नसंल तर ठेव ताट," यांनी खालच्या आवाजात म्हटलं. "आपन घरी जाऊ. कोन काय म्हनंल ते मी बगतो."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी खाली ठेवायला तयार झाला होता. आता ठेवून उपयोग नव्हता. तरी मी ताट ठेवायला वाकले, तेव्हा गर्दीच्या कडेनं आप्पा पुढे आले.

"भर पोरी," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं माहेरी येऊ नये."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मला टोमणा मारत नव्हते. लेक दारात आल्यावर बाप बोलतो तसंच ते बोलले होते.

मग मी पाण्यात घोट्यापर्यंत उतरले. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण ठेवला, आणि साडी दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली. माहेरी लेकीची ओटी भरतात. लेकीनं माहेराची ओटी भरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मांडवात टाळ्या झाल्या. फोटोवाल्यानं मला इकडे बघा म्हणून हाक मारली. मी वळले नाही.

साडी बुडाली नाही. घडी उलगडली, आणि ती वाऱ्यानं आत आत जायला लागली. मंडळी जेवणाच्या पंगतीकडे निघाली तरी ती हिरवी पट्टी लांबवर दिसत होती. आप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी कपाळावर हात धरला आणि बोटानं दाखवायला लागले.

"आता चावडीवर आलीया," ते म्हणाले. "आता बग, जोत्याजोत्यानं देवळाकडं वळली. हां, देऊळ. आता बाळू कुंभाराचा आवा." त्यांचं बोट साडीबरोबर सरकत होतं.  "आता आपली गल्ली. आता आपलं दार बग, सुगंधा."

मला तिथं नुसतं पाणी दिसत होतं. मी म्हणाले, "हो आप्पा, आपलं दार."

साडी तिथं थांबली नाही. आप्पांचं बोट मात्र तिथंच राहिलं.